खांद्यावरचं बोट

गाण्यात दुसरा आवाज म्हणून एक प्रकार असतो. चाल पहिल्या आवाजाकडे असते. दुसऱ्यानं तिच्या खालून, तिला धक्का न लावता चालायचं. एकटा ऐकला तर त्याला ना शेंडा ना बुडखा. दोन-तीन सुरांची ये-जा, मध्येच एखादा लांबवलेला सूर, आणि आता गाणं सुरू होईल म्हणेपर्यंत ते संपलेलंही असतं. नळवहिनी आयुष्यभर हा दुसरा आवाज गात आली.

तिची आई चर्चची फरशी पुसायची. पुसायचा वार आणि गाणाऱ्यांच्या सरावाचा वार एकच. आई बादली घेऊन पुढे सरकायची तशी मुलगी एकेका बाकावरून पुढे सरकत गाणं ऐकायची. ती ज्या कडेला बसे तिथे नेमक्या दुसऱ्या आवाजाच्या बायका उभ्या असत, म्हणून तिला आधी तोच पाठ झाला. त्या गाण्यांना एक चालही असते हे तिला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा ती जराशी हिरमुसली.

पुढे ती स्वतः त्या रांगेत उभी राहिली, आणि तिच्या मागच्या रांगेत येऊन उभा राहिला एक नळदुरुस्तीवाला. अंगापिंडानं किरकोळ, पण आवाज इतका खालचा की समोरच्या बाकावर हात टेकला तर कानाआधी तळव्याला कळावा. सगळी मंडळी त्याला नळदादा म्हणे. उपासना संपली की लोक त्याला दारातच गाठून गळक्या तोट्यांची गाऱ्हाणी सांगत. पाळक म्हणायचे, "देवाच्या घरातून बाहेर पडायला सगळ्यांत जास्त वेळ आमच्या नळदादाला लागतो. भक्तीमुळे नाही, वायसरमुळे."

गाणारे मोजकेच, आणि समोर उभं राहून हातवारे करणारं कुणी नाही. मास्तरांचे दोन्ही हात ऑर्गनवर गुंतलेले. शेवटचं 'आमेन' मात्र लांबच लांब, कुणाही एकाच्या श्वासात न मावणारं. मास्तरांनी त्यावर तोड काढली होती. "सूर म्हणजे विहिरीचा दोर," ते सांगायचे. "सगळ्यांनी एकदम हात सोडले तर पोहरा तळाला. एकानं सोडला की दुसऱ्यानं धरायचा." कुणी कधी सोडायचा हे कळावं म्हणून मागच्यानं पुढच्याच्या खांद्यावर बोट टेकवायचं. बोट टेकलं म्हणजे मागचा सांगतोय, मी धरलाय, तू श्वास घे. ऐकणाऱ्यांना वाटे, एवढीशी माणसं आणि केवढा हा दम.

नळदादाचं बोट तिच्या उजव्या खांद्यावर टेकायचं. ते कधी चुकलं नाही, की उगाच रेंगाळलंही नाही. "रेंगाळलं असतं तर तुमचं लग्न मीच लवकर लावून टाकलं असतं," मास्तर चिडवत.

लग्न झाल्यावर एक मूल झालं आणि आठवड्याच्या आत गेलं. पुन्हा झालं नाही. त्या दिवशी दफनभूमीत गाणं म्हणायची वेळ आली तेव्हा तिच्या तोंडून सूर फुटेना. तो उभा राहिला आणि एकट्यानं, त्या खालच्या आवाजात, सगळी कडवी म्हणून गेला. ती त्याच्या कोटाची मागची बाजू मुठीत धरून उभी होती. घरी आल्यावर त्यानं नुसता चहा केला. चहाच होता, तरी त्यानं नेहमीसारखे हात जोडले, प्रार्थना केली आणि थांबला. आता तिनं 'आमेन' म्हणायचं होतं. तिच्या मनात त्या वेळी देवाला द्यायला काहीच नव्हतं. तरी तिनं ते म्हटलं. त्या दिवशी आपल्यापाशी विश्वास किती उरला होता असं तिला कुणी विचारलं असतं, तर तिनं सांगितलं असतं, तेवढा एक शब्द.

त्यांच्या घरची रीत तशीच होती. जेवणाआधी प्रार्थना त्यानं करायची, 'आमेन' तिनं म्हणायचं. त्याची प्रार्थना पाठ केलेली नसे. तिच्यात त्याचं दिवसभराचं काम यायचं. "प्रभो, वरच्या मजल्यावरच्या आजींचा सांधा आज तरी टिकू दे, त्यांना गुडघेदुखीत जिने उतरायला लावू नकोस." ती डोळे मिटून हसू दाबायची. ताटातलं वाफाळत असायचं, आणि त्याच्या आवाजानं टेबल हाताखाली बारीक थरथरत असायचं.

मग त्याच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागेल, श्वास मानेला केलेल्या भोकातून आणि नळीतून चालेल, बोलणं यायचं नाही. ऑपरेशननंतर दवाखान्यात त्यानं सगळ्यांना हसवून सोडलं. पाटीवर लिहिलं, 'जन्मभर लोकांच्या नळ्या बसवल्या. शेवटी माझीच बसवली.' परिचारिका ती पाटी एकमेकींना दाखवत फिरल्या. केवढा धीराचा माणूस, असं जो तो म्हणाला. तिलाही वाटलं, निभावलं.

घरी आल्यावर धीर दाराबाहेरच राहिला. पहिल्याच जेवणाला दोघं समोरासमोर बसली. तिनं सूप वाढलं, हात जोडले आणि सवयीनं थांबली. त्यानं वाडग्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग चमचा उचलून खायला लागला. तिचे जोडलेले हात तसेच राहिले. ज्याच्यापुढे 'आमेन' म्हणायचं ती प्रार्थनाच झाली नव्हती. तिनं हळूच हात सोडवले आणि घास घेतला, चोरून घेतल्यासारखा.

त्यानंतर रोज तेच. रविवारी ती तयार होऊन दारात उभी राहिली की तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. श्वास आत-बाहेर होताना नळीतून बारीक शीळ वाजायची, आणि शांततेत ती खोलीभर ऐकू यायची. त्याला त्या शिळेचीच सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. पाटी उशाशी कोरडी पडून असे.

त्याची थोरली बहीण भेटायला आली तेव्हा तिला हे टेबलावरचं गप्प बसणं सोसवलं नाही. स्वयंपाकघरात येऊन ती कुजबुजली, "अगं, तो नाही करत तर तू कर प्रार्थना. घराला कुणीतरी नको का?"

"त्यांची जागा आहे ती, ताई."

"जागा कसली घेऊन बसलीस? बसमध्ये रुमाल टाकलाय का? मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही. मोकळ्या मनानं माग."

तिनं मागितलं. दुपारी तिघं जेवायला बसली तेव्हा तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "प्रभो, यांचा आवाज यांना परत दे."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तिनं डोळे उघडले तेव्हा तो पाटीवर लिहीत होता, इतकं दाबून की पेन्सिलीचा तुकडा पडला. 'तो कापून फेकून दिला. आता काय परत मागतेस.' पाटी तिच्यासमोर ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठमोरा.

नणंद ताटात बघत राहिली. निघताना एवढंच म्हणाली, "माझंच चुकलं बाई. मी आपली तोंडाला येईल ते बोलते."

चूक तिची नव्हती, हे नळवहिनीला ठाऊक होतं. देवापुढे हात जोडून आपण नवऱ्यालाच सांगितलं होतं की आवाजाशिवाय तू आम्हांला पुरत नाहीस. तोंडातून गेलेला शब्द आता कुठून परत आणायचा? त्या दिवसापासून तिनं त्याच्या बाबतीत काही मागणंच सोडलं. घरात आता मागणंही नव्हतं आणि 'आमेन'ही नव्हतं, आणि तिला भीती वाटू लागली की हे असंच अंगवळणी पडेल. माणसाला दुःखाचीही सवय होते. तिला त्या सवयीचं भय होतं.

ती एका लाँड्रीत कामाला होती. तिथे दवाखान्यांच्या चादरी येत. धुऊन, वाफेच्या रुळांतून निघाल्या की दोघींनी मिळून त्यांची घडी करायची: समोरासमोर उभं राहून टोकं धरायची, ताणायची, झटकायची आणि एकमेकींकडे चालत यायचं. तिची जोडीदारीण जिभेनं तिखट होती आणि कुठल्याच देवाकडे तिचं जाणंयेणं नव्हतं. यंत्रांच्या घरघरीत एरवी कुणाचं बोलणं ऐकू येत नसे, पण चादर घडी होताना दोघी जवळ आल्या की यायचं.

"हे काय गुणगुणत असतेस गं रोज? सुरूच होत नाही मेलं."

"दुसरा आवाज आहे तो."

"मग पहिला कुठे गेला?"

"डोक्यात आहे."

"वा. चाल तुझ्या डोक्यात आणि गाळ माझ्या कानात." चादर ताणत ती मागे गेली, पुन्हा जवळ आली. "नवरा बोलत नाही, तुझा देव बोलत नाही. कुणासाठी चाललंय हे? सोड की."

नळवहिनीनं टोकाला टोक जुळवलं. "सोडला तर मलाही पहिला ऐकू यायचा नाही."

जोडीदारीण म्हणाली, "धर नीट. घडी वाकडी चाललीय." आणि तिनं ती चादर परत उलगडली.

एका दुपारी नळी तुंबली. ती कामावरून येऊन चप्पल काढत होती तेवढ्यात आतून भांडं पडलं. तो आरशासमोर उभा होता, चेहरा काळानिळा, हातात बारीक ब्रश. एरवी नळी तो स्वतःच साफ करायचा. तिनं हात लावला तर मान हलवायचा, उलटा फिरवतेस म्हणून. आता त्याचेच हात थरथरत होते आणि ब्रश जागेवर लागत नव्हता. तिनं तो काढून घेतला, आतली नळी फिरवून बाहेर ओढली, धुतली, परत बसवली. त्या वेळात ती काय म्हणत होती ते तिला नंतरही नीट आठवेना. "प्रभो, प्रभो," एवढंच असावं. शीळ वाजली. तिला ती कधी एवढी गोड वाटली नव्हती.

तो खुर्चीत बसला. त्याच्या कपाळावरचा घाम तिनं पदरानं पुसला आणि तशीच जमिनीवर, त्याच्या पायाशी बसली. समोरच्या भिंतीवर लाकडी वधस्तंभ होता, तिच्या आईनं दिलेला. लहानपणापासून बघत आलेली गोष्ट. आज पहिल्यांदाच तिच्या मनात आलं की त्यावर टांगलेल्यालाही शेवटी श्वास पुरला नसेल. हात ताणलेले, छाती वर ओढली गेलेली. त्यालाही हवा कमी पडली होती. त्याला हे सांगावं लागणार नाही, हे त्याला माहीत आहे. ती नवऱ्याच्या गुडघ्याला डोकं टेकून बसून राहिली. तिनं काही मागितलं नाही. पण कितीतरी दिवसांनी तिला वाटलं की खोलीत आपण दोघंच नाही आहोत.

त्याच आठवड्यातल्या सरावाला ती गेली. तिच्या मागची जागा मास्तरांनी कुणालाच दिली नव्हती. कुणी विचारलं की म्हणत, "ती रिकामी नाही, राखून ठेवलेली आहे." आतापर्यंत 'आमेन' आलं की ती शेजारणीकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघून कसंबसं निभावत होती. त्या दिवशी मात्र डोळे मिटून गायली. बऱ्याच दिवसांनी सूर मोकळा लागला होता. शेवटचं 'आमेन' सुरू झालं, लांबत गेलं, आणि खांदा आपोआप वाट पाहू लागला. आता टेकेल. आता टेकेल. तिनं सूर धरून ठेवला. छाती रिकामी झाली तरी धरून ठेवला. कानांत घंटा वाजू लागल्या, आणि ती धपकन खाली बाकावर बसली. शेजारीण दचकून थांबली, तिच्यामागून बाकीचेही. पोहरा तळाला गेला.

मास्तर ऑर्गनवरून उठून आले. "वहिनी, श्वास घ्यायचा राहिला तुमचा."

"बोटाची वाट बघत होते," ती म्हणाली. म्हटल्यावर तिला कळलं आपण काय म्हणालो.

कुणी हसलं नाही. शेजारणीनं पाण्याचा पेला पुढे केला. "मरशील अशानं. खांदा तुझा, पण फुप्फुसं तरी स्वतःची वापर."

घरी आल्यावर तिनं बटाटे सोलायला घेतले. तो समोर जुनी तोटी उघडून बसला होता. काम बंद होतं तरी हात स्वस्थ बसत नसत. तिनं ठरवून काही सांगितलं नाही. सोलता सोलता, बाजारातली गंमत सांगावी तसं बोलत गेली. "आज माझी फजितीच झाली. शेवटच्या आमेनला मी आपली थांबलेय, थांबलेय, श्वासच घेत नाही. का, तर म्हणे बोट टेकलं नाही. आणि बसले की धपकन. मास्तरांचा चष्मा नाकावरून खाली. मागचे सगळे गप्प. इतकी वर्षं झाली, श्वास कधी घ्यायचा तेसुद्धा मला कळत नाही, बघा."

त्याचे खांदे हलू लागले. नळीतून शीळ तुटक तुटक येऊ लागली. ती सुरी टाकून उठली, पुन्हा तुंबली म्हणून. तो हातानं नाही नाही करत होता. हसत होता. ऑपरेशन झाल्यापासून त्याचं हसणं तिनं ऐकलं नव्हतं. ते असं शीळ घालत येतं हे तिला माहीतच नव्हतं. मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला आणि त्यानं तेलकट हातांनीच डोळे झाकले. ती उभी राहिली, त्याच्या पाठीवर हात ठेवून. तिचेही डोळे वाहत होते, आणि ते तिनं पुसले नाहीत.

बऱ्याच वेळानं त्यानं पाटी ओढली.

'बोट तर आहे.'

तिनं वाचलं.

त्यानं पुसून पुन्हा लिहिलं, 'पण शीळ वाजते.'

"मागच्या बाकावरचे आजोबा उपदेशभर घोरतात," ती म्हणाली.

'घोरण्याची देवाला सवय आहे.'

"शिळेचीही होईल."

एवढंच. चल, असं ती म्हणाली नाही. एकदा मागून तिचं तोंड पोळलं होतं. तिनं बटाटे चिरले, फोडणीला टाकले, आणि रविवारपर्यंत तो विषय काढला नाही. पण रोज काम करताना ती देवाला एकच गोष्ट सांगत राहिली, की तू त्याच्यापाशी बस. आवाज दे असं नाही, चर्चला आण असंही नाही. नुसतं, बस.

रविवारी ती केस विंचरत असताना मागे कपाटाचं दार वाजलं. तो कोट काढत होता. गळ्याभोवती त्यानं मऊ रुमाल बांधला, आरशात पाहिलं, सोडला, पुन्हा बांधला.

चर्चमध्ये लोकांनी त्याला पाहिलं आणि जागा करून दिली. दारात कुणी गळक्या तोटीचं नाव काढलं नाही, आणि त्यालाच ते चुकल्याचुकल्यासारखं वाटलं असावं. तो आपल्या जागी जाऊन उभा राहिला. उपासना चालू झाली. मग पापांगीकाराची वेळ आली, आपापली पापं मनात कबूल करायच्या मौनाची. सगळं निःशब्द झालं आणि त्या शांततेत शीळ वाजू लागली. आत, बाहेर. आत, बाहेर. पुढच्या बाकावरची एक लहान मुलगी वळून बघू लागली; तिच्या आईनं हलकेच तिचं डोकं पुढे वळवलं. नळवहिनीचे कान तापले. मागे त्यानं बाक घट्ट धरल्याचं तिला लाकडाच्या कुरकुरण्यावरून कळलं. आता तो निघून जाईल असं तिला वाटलं. पाळकांनी घाई केली नाही. मौन एरवी जेवढं असे तेवढंच त्यांनी ठेवलं, एका क्षणानंही कमी नाही. आणि हळूहळू ती शीळ त्या शांततेत बसून गेली, पावलांचा किंवा पानं उलटल्याचा आवाज बसावा तशी.

शेवटचं गाणं. शेवटचं 'आमेन'. सूर लांबत गेला. मागचा खर्ज नव्हता. त्याच्या जागी रिकामं होतं आणि ते रिकामंच राहणार होतं. तिनं आपला दुसरा आवाज त्या रिकाम्या जागेवर सांभाळून चालवला. श्वास संपत आला.

उजव्या खांद्यावर बोट टेकलं.

तिनं श्वास घेतला. नेमक्या त्याच वेळी मागे शीळ वाजली. तोही घेत होता. ती चकित झाली. इतकी वर्षं तो तिच्या मागे उभा होता, आणि त्याचा श्वास तिनं तिथे कधीच ऐकला नव्हता, इतका तो चोरून घ्यायचा. शेजारणीनं सूर धरला होता. मग तिनं धरला. बोट उचललं गेलं.

घरी येऊन तिनं जेवण वाढलं. तो हात धुऊन आला, खुर्ची ओढून बसला. पाटी फळीवरच होती. ती द्यावी की काय म्हणून ती उठू लागली, तर त्यानं मान हलवली. मग हात जोडले आणि डोळे मिटले.

तिनंही मिटले. सवयीनं तळवा टेबलाला टेकला. टेबल थरथरत नव्हतं. फक्त शीळ येत होती, जात होती, कधी लांब, कधी आखूड, कुणाला काहीतरी सविस्तर सांगत असल्यासारखी. तो काय म्हणत होता ते तिला कळायचा मार्ग नव्हता. कदाचित आजींचा सांधा असेल. कदाचित ती स्वतः असेल. तिनं घाई केली नाही.

शीळ शांत झाली. तिनं डोळे उघडले. तो तिच्याकडे बघत होता, वाट पाहत.

"आमेन," ती म्हणाली.

त्यानं चमचा उचलला.